वाट बघणाऱ्यांसाठी सिनेमे

तर मंडळी, या शनिवारचा विषय आहे दत्तक आणि सिनेमा. आपल्या ठाणे-डोंबिवलीकडे येण्याआधी थोडं चीनला जाऊन येऊ.

चीनने १९९२ पासून परदेशी कुटुंबांना मुलं दत्तक द्यायला सुरुवात केली. एकच मूल हे सरकारी धोरण आणि घरात मुलगाच हवा ही जुनी हौस, या दोन्हींच्या कात्रीत हजारो मुली अनाथालयांत येऊन पडल्या होत्या. २००५ साली एकट्या अमेरिकेत ७,९०० च्या वर चिनी मुलं दत्तक गेली, तो उच्चांक. मग चीनने नियम आवळले, देता येण्यासारखी मुलंही कमी झाली आणि जी रांग वर्षभरात सरकायची ती पाच वर्षांच्या पुढे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तर चीनने जवळच्या नात्यातले अपवाद सोडून परदेशी दत्तक बंदच करून टाकलं. तोपर्यंत दीड लाखाहून जास्त मुलं देशाबाहेर गेली होती.

त्या रांगेतली कुटुंबं वाट बघता बघता काय करायची? चिनी सिनेमे बघायची. आपलं होणारं मूल ज्या देशातून येणार तो देश दिसतो कसा, तिथली माणसं जेवतात, भांडतात, लाड करतात ते कसं, हे जाणून घ्यायला. मला ही कल्पनाच भयंकर आवडली. बारशाआधी बाळाचं आजोळ बघून यावं तसं.

आता हे सगळं आठवायचं कारण. आमच्या ऑफिसातलं एक जोडपं घोडबंदर रोडला राहतं. दत्तकाच्या यादीत नाव घालून त्यांना तीन वर्षं होऊन गेली. परवा कॅन्टीनमध्ये ती म्हणाली, "अरे, तू एवढे सिनेमे बघतोस, आम्हाला पण एक यादी दे की. दर रविवारी साइट उघडून नंबर बघायचा कंटाळा आलाय." नवरा म्हणाला, "रडके नकोत हं!" यादी करायला बसलो आणि लक्षात आलं की आपल्याकडे दत्तकावरचे सिनेमे बघायचे तर दत्तकाचा इतिहासही बघावा लागतो, नाहीतर सिनेमे असे का आहेत तेच कळत नाही.

दत्तक म्हटलं की शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकामुळे मराठी माणसाला पहिला आठवतो तो डलहौसी. १८४८ मध्ये सातारा खालसा, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. दत्तक वारस नामंजूर, संपला विषय. झाशीच्या गंगाधररावांनी दामोदररावाला दत्तक घेतलं ते स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी. सोहराब मोदींच्या १९५३ च्या 'झांसी की रानी'पासून आजवर ही गोष्ट पडद्यावर कितीदा आली. पण एक गंमत बघा. या सगळ्या गोष्टीत त्या पोराला काय वाटलं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. दत्तक म्हणजे गादीची सोय. गादी नसेल तर वाड्याची आणि शेताची, आणि तेही नसेल तर निदान श्राद्धाला पाणी देणाऱ्याची.

जुना हिंदू कायदाही तसाच होता. दत्तक मुलगाच घ्यायचा, मुलगी नाही. आणि दत्तक 'द्यायला' जन्मदाते आई-बाप हजर हवेत. म्हणजे ज्याला खरोखर कुणीच नाही असं अनाथ मूल, एखादी रूढी सोडली तर, दत्तक जाऊच शकत नव्हतं! ज्याला घराची गरज सर्वात जास्त तोच अपात्र. आमच्या धंद्यात असा नियम कुणी लिहिला असता तर टेस्टरने पहिल्याच दिवशी परत पाठवला असता. पण कायदा मुलासाठी लिहिलेलाच नव्हता, घराण्यासाठी लिहिला होता, हे एकदा ध्यानात घेतलं की त्यात विसंगती काहीच नाही.

अर्थात या घराण्याच्या सोयीतूनही मोठी माणसं निघाली. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याला दत्तक गेला, तो सयाजीराव महाराज झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेला, तो राजर्षी शाहू. दोन दत्तक पोरांनी महाराष्ट्राला शिक्षणाचं आणि सामाजिक न्यायाचं जे देणं दिलं, ते रक्ताच्या वारसांपैकी कितीजणांनी दिलं हे तुम्हीच मोजा.

पण माझ्या मते महाराष्ट्रातलं पहिलं 'आधुनिक' दत्तक वेगळंच आहे आणि ते पुण्यातलं आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांना पुनर्विवाहाची वाट नव्हती. उरायचं ते मुलाला किंवा स्वतःला मारणं. फुल्यांनी सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर ठेवून जा. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत.

इथे ना गादी होती ना घराण्याची हौस. जात वेगळी, जन्माची गोष्ट समाजाच्या दृष्टीने कलंकाची, आणि लपवाछपवी शून्य. सगळ्या पुण्याला माहीत होतं यशवंत कोण ते. फुल्यांनी त्याला शिकवलं, १८८७ च्या मृत्युपत्रात वारस केलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी वाद घातलाच, की दत्तकाने अंत्ययात्रेत टिटवं धरायचं नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं स्वतः धरून चालल्या. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आई आणि मुलगा शेवटपर्यंत एकाच कामात.

आता आपल्या भागातली मजा. डोंबिवलीतल्या नाट्यगृहाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं आणि कल्याणच्या रंगमंदिराला आचार्य अत्र्यांचं. आणि 'महात्मा फुले' हा सिनेमा १९५४ मध्ये काढला तो अत्र्यांनीच! बाबूराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्री. त्या वर्षीचं मराठी सिनेमाचं राष्ट्रपती रौप्यपदक त्यालाच. म्हणजे कल्याण ते डोंबिवली या लोकलच्या छोट्याशा प्रवासात ही गोष्ट सांगणारा आणि ती जगणारी, दोघांच्या पाट्या आपण रोज ओलांडतो.

याच १९५४ साली हिंदीत आला राज कपूरने काढलेला 'बूट पॉलिश'. भोला आणि बेलू ही दोन अनाथ भावंडं. भीक मागायची नाही, कष्ट करायचे, हे त्यांना जॉनचाचा शिकवतो. बेलू एका श्रीमंत कुटुंबात दत्तक जाते, भोला मागे राहतो, आणि शेवटी स्टेशनवर दोघांची गाठ पडते. मुंबईच्या झोपडपट्टीत घडणारा सिनेमा, आणि त्यात मुलं ही फक्त दयेचा विषय नाहीत, त्यांना स्वतःचं मत आहे. यादीत हा पहिला. (रडका आहे. पण नवरोबांना चालवून घ्यावं लागेल.)

मजेची गोष्ट म्हणजे 'बूट पॉलिश'मध्ये बेलूला जसं दत्तक घेतलं, तसं कायद्याने मुलगी दत्तक घेणं हिंदू कुटुंबांना दोन वर्षांनी शक्य झालं. १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, अविवाहित आणि विधवा स्त्रीलाही दत्तक घेता येऊ लागलं. विवाहित बाईला मात्र नवऱ्याच्या संमतीने स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० उजाडलं. आणि कायदा फक्त हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी जोडप्यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, आई-बाप नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की कागदोपत्री नातं संपलं.

यावरून पुढचा सिनेमा. १९५९ चा 'धूल का फूल', यश चोप्रांचा दिग्दर्शक म्हणून पहिला. जंगलात टाकून दिलेलं बाळ अब्दुल रशीद उचलतो आणि लोकांच्या शिव्या खात वाढवतो. मनमोहन कृष्णने काय काम केलंय! पण शेवट बघा. कोर्टात सगळा उलगडा होतो आणि मूल जातं जन्मदात्रीकडे. ज्याने वाढवलं तो हात रिकामे घेऊन बाजूला होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. अब्दुल रशीदला कायद्याने बाप होता येईल असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं ते २०१४ मध्ये, शबनम हाशमी प्रकरणात. धर्म कुठलाही असो, बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल. सिनेमा आणि निकाल यांच्यात ५५ वर्षं.

हाच आपल्या सिनेमाचा साचा. मूल हरवतं किंवा टाकलं जातं, कुणीतरी मायेने वाढवतं, आणि मग तीळ, लॉकेट किंवा जुना फोटो यातून 'खरे' आई-बाप सापडतात. वाढवणारे जणू पाळणाघर चालवत होते! दत्तक हे पडद्यावर एक तर गुपित असतं किंवा त्याग. महेश कोठाऱ्यांच्या 'चिमणी पाखरं'मध्येही तेच. आई मरणार म्हणून पोरं एकेक करून दुसऱ्यांना देते आणि थिएटरभर मुसमुसणं. दत्तक म्हणजे साधं, रोजचं, डबा-शाळा-अभ्यासवालं घर असतं, हे दाखवायला आपल्याला वेळच मिळाला नाही.

आणि हे फक्त पडद्यावर नाही हं. "तुला बोहारणीकडून भांड्यांवर घेतलंय" हा विनोद ऐकला नाही असं मराठी मूल दाखवा! मीही ऐकलाय आणि धाकट्या बहिणीला ऐकवलाय. आपल्या घरात तो गंमत म्हणून चालतो कारण तो खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या घरात मूल खरंच दुसरीकडून आलंय, तिथे हाच विनोद शेजारच्या काकूंच्या तोंडून कसा लागेल? ऑफिसातल्या त्या जोडप्याची खरी भीती हीच आहे. नंबर कधी लागणार याची नाही. सांगायचं कधी, कसं, आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलं तर काय, ही.

म्हणून यादीत एक चिनी आणि एक तमिळ सिनेमा मी मुद्दाम घातला.

चिनी सिनेमा आहे 'द किंग ऑफ मास्क्स', वू थ्यॅनमिंगचा, १९९६ चा. १९३० च्या आसपासचा सिचुआन प्रांत. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चेहऱ्यावरचे मुखवटे बदलणारा एक म्हातारा कलावंत. विद्या फक्त मुलाला द्यायची, असा घराण्याचा दंडक. मुलगा नाही म्हणून तो बाजारातून एक नातू विकत घेतो. पुढे कळतं की ती मुलगी आहे. झालं, कालपर्यंत 'आजोबा' म्हणणाऱ्या पोरीला आता 'मालक' म्हणायला लावतो. मग ती काय काय करते ते सांगत नाही, बघा. त्यात बायकांची कामं करणारा एक प्रसिद्ध नट आहे. आपल्याला बालगंधर्व आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाईचा वेष घेतलेला पुरुष लोकांना देवासमान, आणि खरीखुरी मुलगी मात्र नकोशी! दत्तकमीमांसा वाचलेल्या एखाद्या शास्त्रीबुवांना हा सिनेमा दाखवला असता तर त्यांना म्हाताऱ्याचं सगळं पटलं असतं, शेवट सोडून.

गंमत अशी की याबाबतीत आपलं चित्र आता पालटलंय. 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संस्था, तिच्या आकड्यांत कितीतरी वर्षं मुलग्यांपेक्षा मुली जास्त दत्तक गेलेल्या दिसतात. याचं एक कारण म्हणजे टाकल्या जाणाऱ्यांतही मुलीच जास्त, हे कडू आहेच. पण मागणारेही मुलगी मागतात, हेही तितकंच खरं. आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र वर्षानुवर्षं सर्वात पुढे.

तमिळ सिनेमा म्हणजे मणिरत्नमचा 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल', २००२. बाप इंजिनियर आणि लेखक (आमच्या जमातीचा!). नवव्या वाढदिवसाला मुलीला सांगतात की तू दत्तक आहेस. मग ती चिडते, पळून जाते, हजार प्रश्न विचारते आणि जन्मदात्या आईला शोधायला श्रीलंकेच्या युद्धात आई-बापांना घेऊन जाते. इथे जन्मदाती सापडते, पण 'खरी आई कोण' हा खेळ सिनेमा खेळत नाही. वाढवणारी आई शेवटपर्यंत आईच राहते. आपल्या साच्यातून बाहेर पडलेला माझ्या पाहण्यातला हा सर्वात चांगला सिनेमा. फक्त एक सांगतो. नववं वर्ष म्हणजे उशीर. संस्थांमधले समुपदेशक सांगतात की गोष्ट सांगायची ती पाळण्यातच सुरू करायची, म्हणजे 'कळलं' असा दिवसच उगवत नाही. त्या वाढदिवसाच्या प्रसंगात मुलीचा चेहरा बघा, त्यांचं म्हणणं पटेल.

आता थोडं रांगेबद्दल, कारण सिनेमात रांग कधीच दिसत नाही. ७०-८० च्या दशकात भारतातून मुलं परदेशी जायची आणि त्यात गैरव्यवहारही होत होते. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्या. भगवतींनी निकाल दिला: आधी देशात घर शोधा, मगच परदेश. त्यातून १९९० मध्ये 'कारा' आली. २०१५ पासून सगळा देश एका ऑनलाइन यादीत आहे. ओळख, देणगी, चिठ्ठी काही नाही. नोंदणीच्या क्रमाने नंबर. घराची पाहणी करून अहवाल होतो, तो तीन वर्षं चालतो. मुलाची माहिती आली की ४८ तासांत हो किंवा नाही सांगायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर साधी सरळ क्यू आणि टाइमआउट.

मग इतका वेळ का? २०२२ च्या संसदीय समितीच्या अहवालात आकडे आहेत. २०२१ च्या अखेरीस वाट बघणारे पालक जवळजवळ २८ हजार आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं २,४३०. "देशात एवढी अनाथ मुलं आणि मिळत का नाहीत?" हा सगळ्यांचा प्रश्न. कारण संस्थेत राहणारं प्रत्येक मूल अनाथ नसतं, बहुतेकांना कुणी ना कुणी असतं. सापडलेलं बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस. चिडायला होतं, मान्य. पण हे ६० दिवस काशीबाईसारख्या एखादीचे आहेत, हे लक्षात ठेवलं तर जरा सोपं जातं.

शोध नीट न घेतल्यावर काय होतं त्यासाठी यादीतला शेवटचा सिनेमा, 'लायन', २०१६. खांडव्याचा पाच वर्षांचा पोरगा, बुऱ्हाणपूरला गाडीत झोपतो आणि थेट कलकत्त्याला पोचतो. खांडवा, बुऱ्हाणपूर दोन्ही आपल्याच कल्याण-भुसावळ मार्गाने पुढे गेलं की लागणारी स्टेशनं बरं का! १९८७ मध्ये तो दत्तक जातो ऑस्ट्रेलियात टास्मानियाला. पंचवीस वर्षांनी गूगल अर्थवर एकेक रूळ तपासत स्वतःचं गाव शोधतो. सत्यकथा आहे. घरी आई जिवंत होती आणि वाट बघत होती. मुलाचा फोटो आज राज्या-राज्यांतून फिरवला जातो, तपास होतो, तो याचसाठी.

डोंबिवलीत 'जननी आशिष'सारख्या संस्थेतून मुलं घरी जातात. २०२२ पासून दत्तकाचा अंतिम हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने देण्याची तरतूद लागू झाली. म्हणजे डलहौसीने ज्या कागदाला नकार दिला, तोच कागद मंजूर करायचं काम आता कलेक्टर कचेरीकडे. आणि त्या कागदावर घराण्याचं नाव चालवायचं म्हणून काही लिहिलेलं नसतं, मुलाचं हित लिहिलेलं असतं. दीडशे वर्षांत झालेली प्रगती म्हणजे एवढीच, पण ती काही थोडी नाही.

तर यादी अशी: आधी 'बूट पॉलिश', मग 'धूल का फूल' (शेवटाशी भांडत भांडत बघायचा), मग 'द किंग ऑफ मास्क्स', 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल', आणि 'लायन'. दोघांनी मिळून बघायचे. आजी-आजोबा होणाऱ्यांनाही बसवा, सांगायची गोष्ट त्यांच्याही तोंडी सारखीच असायला हवी. शेजारच्या काकूंनाही बोलवा, चहा पाजा. बोहारणीचा विनोद पुढे त्याच करणार आहेत, त्यांची तयारी आत्तापासून झालेली बरी.

तुमच्याकडे या यादीत घालण्यासारखा, शक्यतो न रडवणारा एखादा मराठी सिनेमा असेल तर जरूर सांगा. नवरोबा वाट बघतायत.